चौक कानाने वाचायला कसा शिकवायचा: नव्या मोबिलिटी प्रशिक्षकांसाठी

माझ्या पहिल्या बॅचमधली कॉलेजला जाणारी एक मुलगी तीन आठवडे रोज एकच चौक बिनचूक ओलांडत होती. ती काठी घेऊन पुढे, मी शेजारी. मी म्हणायचो, "सुटला," आणि ती निघायची. चौथ्या आठवड्यात माझा घसा बसला, म्हणून मी नुसताच उभा राहिलो. एक सिग्नल गेला, दुसरा गेला, चौथाही गेला. शेवटी ती म्हणाली, "सर, आज सिग्नल बंद आहे का?"

तीन आठवडे मी तिला रस्ता ऐकायला शिकवतोय असं मला वाटत होतं. ती माझा आवाज ऐकायला शिकली होती. अंध व्यक्तींना काठी आणि चलनवलन शिकवायला तुम्ही नव्याने आला असाल, तर खालचं सगळं या एका चुकीपासून वाचण्यासाठी आहे.

चौकाकडे जाण्याआधी

विद्यार्थ्याची काठी त्याच्या उंचीची हवी. टोक जमिनीवर टेकवून काठी उभी धरली की मूठ छातीच्या हाडापर्यंत यायला हवी. गल्लीतल्या फुटपाथवर तो काठी डावी-उजवी टेकवत पन्नास पावलं साधारण सरळ चालू शकतो, फुटपाथची कड पायाच्या आधी काठीला सापडते आणि सापडली की तो तिथल्या तिथे थांबतो. एवढं जमत नसेल तर सिग्नल विसरा, अजून पंधरा दिवस गल्लीतच घालवा.

दोन्ही कानांची श्रवणतपासणी झालेली हवी. याला फाटा देऊ नका. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूचा हे कळत नाही आणि आपली पद्धत दिशेवरच उभी आहे. अशा विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून मदत मागून रस्ता ओलांडण्याचं तंत्र शिकवा. त्यात कमीपणा नाही.

थोडी दृष्टी असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दिवा सकाळी दिसतो आणि दुपारी तीनच्या उन्हात दिसत नाही. त्यांनीही कानाची पद्धत शिकायची. नजर मिळेल तेवढी जमेला धरायची.

तुमचा गृहपाठ

विद्यार्थ्याला न्यायचं त्याच्या आधी चौकात एकट्याने जा. सकाळी, भर दुपारी आणि ऑफिस सुटल्यावर, असं तीनदा. प्रत्येक वेळी वीस मिनिटं एका कोपऱ्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहा. (चहाच्या टपरीशेजारी उभं राहू नका, स्टोव्हचा आवाज सगळं खातो. हेही तिथे उभं राहिल्यावरच कळतं.)

मग डोळे उघडून वहीत लिहा. बाजू कोणत्या क्रमाने सुटतात? आपल्याकडे बऱ्याच मोठ्या चौकांत एका वेळी एकच बाजू सोडतात, तर काही ठिकाणी समोरासमोरच्या दोन बाजू एकदम सुटतात. पादचाऱ्यांसाठी वेगळा वेळ आहे का, की गाड्यांच्या हिरव्यातच माणसांनी जायचं? फ्री लेफ्ट आहे का? खरं तर तसा फलक असेल तिथेच लाल दिव्याला डावीकडे वळता येतं, पण आपल्याकडे ती मुभा सगळ्यांनी सगळीकडे घेऊन टाकलेली आहे. दुभाजक आहे का, त्यावर उभं राहायला जागा आहे की नुसती कुंड्यांची रांग?

रस्त्याची रुंदीही मोजा. सिग्नलच्या हिशोबात माणसाचा वेग सहसा सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे २४ मीटरच्या रस्त्याला २० सेकंद. तुमचा नवा विद्यार्थी ०.८ मीटरने चालला तर त्याला ३० लागतात, शिवाय निघण्याआधी ऐकून खात्री करायची दोन-तीन सेकंदं वेगळीच. हिरवा २५ सेकंदांचा असेल तर हा चौक त्याचा नाही, निदान आज तरी नाही. तो निर्णय घरी वहीवर घ्या, रस्त्यात नको.

पूर्वी एक सोपी युक्ती होती: सेकंद मोजायचे. नव्या सिग्नलनी ती मोडीत काढली. आता बऱ्याच ठिकाणी सिग्नल गर्दी ओळखून आपली वेळ कमीजास्त करतात. काल ४० सेकंदांचा असलेला हिरवा आज २८ चा असू शकतो. त्यामुळे "पन्नास मोजले की आपली पाळी" असं कुणाला शिकवू नका. आणि खांबावरच्या उलट्या मोजणीच्या आकड्यांचं म्हणाल, तर ते डोळसांसाठी आहेत. मुंबईत दादरला २०२० मध्ये पादचारी दिव्यांत बाईची आकृती आली, तेव्हा माझा एक विद्यार्थी म्हणाला होता, "छान झालं. आता ती ओरडायला कधी लागणार?"

कॅरम बोर्डावरचा चौक

चौक समजावायला माझ्याकडे कॅरम बोर्डाइतकं चांगलं साधन दुसरं नाही. चार भोकं म्हणजे चार कोपरे, बोर्डाचा मधला भाग म्हणजे चौकाचं पोट आणि गाड्या चारही कडांवरून आत शिरतात आणि बाहेर पडतात. आपण एका भोकाजवळ उभे आहोत आणि कडेकडेने शेजारच्या भोकाकडे जायचंय. विद्यार्थ्याचं बोट हातात धरून ही वाट फिरवा. सोंगट्या सरकवून गाड्या दाखवा.

आता त्याला एकच प्रश्न विचारा: बोर्ड तुझ्या कोणत्या हाताला आहे?

बोर्ड उजव्या हाताला असेल, तर त्याच्या अगदी शेजारच्या लेनमधल्या गाड्या मागून येतात आणि तो जातोय त्याच दिशेला जातात. ओलांडायच्या रस्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात गाड्या उजवीकडून, म्हणजे चौकाच्या पोटातून बाहेर पडतात. दुसऱ्या अर्ध्यात डावीकडून येणाऱ्या गाड्या सिग्नलला थांबलेल्या असतात. धोका पहिल्याच पावलाला: त्याच्या उजव्या खांद्यामागून येऊन डावीकडे वळणारी दुचाकी.

बोर्ड डाव्या हाताला असेल, तर सगळं उलटतं. शेजारच्या लेनमधल्या गाड्या समोरून त्याच्या दिशेने येतात. पहिल्या अर्ध्यात उजवीकडे थांबलेल्या गाड्यांची घरघर असते. डावीकडे वळणाऱ्या गाड्या आडव्या येतात त्या पलीकडच्या अर्ध्यात, डाव्या हाताने, विद्यार्थी "झालं एकदाचं" म्हणून सैल पडतो नेमका तेव्हा.

दोन्हींत नियम एकच निघतो: शेजारची लेन सुटली की आपली पाळी. एकेक बाजू सुटणाऱ्या चौकात हे पुन्हा पुन्हा घोकून घ्या. कारण समांतर रस्त्याची, म्हणजे आपण चालतो त्याच रेषेत शेजारून जाणाऱ्या रस्त्याची, दुसरी बाजू सुटते तेव्हाही गाड्या आपल्याला समांतरच धावताना ऐकू येतात, पण त्यांतल्या उजवीकडे वळणाऱ्या थेट आपल्या झेब्र्यावर येतात. नवखा विद्यार्थी तिथेच फसतो. "समांतर आवाज आला, निघालो" एवढं पुरत नाही. आवाज शेजारून आला का पलीकडून, हे ऐकायचं.

एकेरी रस्त्यांवर हा नियम जसाच्या तसा लावू नका. पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्याच्या किंवा जंगली महाराज रस्त्याच्या चौकात सोंगट्या पुन्हा मांडून बघायच्या.

कुठे उभं राहायचं

काठीला कड सापडली की लगेच ऐकायला सुरुवात नको. आधी उभं राहण्याची दिशा. समांतर रस्त्यावरून दोन-चार गाड्या जाऊ द्यायच्या, त्यांच्या आवाजाची रेघ मनात ओढायची आणि खांदे असे फिरवायचे की ती रेघ आपल्या नाकाच्या दिशेला समांतर होईल. निघताना पाच अंशांची चूक असेल तर रस्त्याच्या पलीकडे पोचेपर्यंत ती दोन मीटरची होते.

फुटपाथच्या उतारावर विसंबू देऊ नका. कोपऱ्यावरचा उतार बरेचदा चौकाच्या मध्याकडे तोंड करून असतो आणि त्याच्या सरळ रेषेत चालणारा माणूस थेट पोटात जातो.

खडबडीत फरश्या जपानमधून आल्या. सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब. आपल्याकडे त्या पिवळ्या फरश्या पट्ट्या-पट्ट्यांनी विजेच्या खांबापर्यंत घेऊन जातात आणि तिथे सोडून देतात. तेव्हा विद्यार्थ्याला ठिपके आणि पट्ट्यांतला फरक तळपायाने आणि काठीने ओळखायला शिकवा, पण त्यांच्यावर भरवसा ठेवायला शिकवू नका. फरशी सुचवते, खात्री काठी करते.

ऐकणं

पहिले तीन दिवस रस्ता ओलांडायचाच नाही. कोपऱ्यावर उभं राहायचं आणि विद्यार्थ्याने मोठ्याने बोलायचं: "उजवीकडच्या थांबल्या. आता पलीकडची सुटली. रिक्षा वळली. आता शेजारची." तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. चुकला तर लगेच उत्तर सांगू नका, पुढच्या फेरीला त्यालाच पकडू द्या.

सुटलेला सिग्नल ऐकू येतो तो एकदम उठणाऱ्या आवाजाने. थांबलेल्या गाड्यांची घरघर, मग गिअर, मग लोंढा. बुलेट आणि पुण्याची पीएमपी बस हे आपले मित्र, त्यांची दिशा कधी चुकत नाही. रिक्षाही चांगली. घात करते ती इलेक्ट्रिक स्कूटर. थांबलेली असताना ती अजिबात ऐकू येत नाही आणि निघताना टायरची नुसती फरफर होते. विद्यार्थ्याला त्या फरफरीची ओळख शांत रस्त्यावर मुद्दाम करून द्या, मित्राची स्कूटर मागून घ्या आणि दहा वेळा त्याच्या बाजूने न्या.

सुटल्याचं कळलं तरी पहिल्या क्षणी निघायचं नाही. शेजारच्या लेनमधली एखादी गाडी चौक पार करून सरळ गेली, हे ऐकायचं. सरळ गेली म्हणजे ही बाजू खरोखर सुटली. नाहीतर एखादा वळणारा घाईखोर सिग्नल सुटायच्या आधीच निघालेला असतो आणि आपण त्याच्या भरवशावर पाऊल टाकतो.

सगळ्यांत कडक नियम ताज्या सिग्नलचा. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा गाड्या आधीच धावत असतील तर तो सिग्नल आपला नाही. किती उरलाय कुणास ठाऊक. एक पूर्ण फेरी जाऊ द्यायची, पुन्हा शेजारची लेन सुटली की निघायचं. उशीर होतो म्हणून विद्यार्थी कुरकुर करतात. करू दे.

लोंढा नसलेला सिग्नल

आता नव्या प्रकारचे चौक. काही ठिकाणी पादचाऱ्यांच्या वेळेला सगळ्याच गाड्या थांबवतात. अशा वेळी लोंढा नसतोच, असते ती शांतता. शांततेवर पाऊल टाकायला कुणालाही शिकवू नका. गाड्यांच्या मधल्या विरामातही तशीच शांतता असते. तिथे आवाज देणारा सिग्नल नसेल तर विद्यार्थ्याने शेजारच्या माणसाला विचारायचं, किंवा माणसांची पावलं एकदम हलली की विचारून खात्री करायची. नुसत्या पावलांमागे जायचं नाही, आपले लोक लाल दिव्याला तुकडीने रस्ता ओलांडतात हे तुम्हाला सांगायला नको.

काही ठिकाणी माणसांना गाड्यांच्या काही सेकंद आधी सोडतात. लोंढ्याची वाट बघणाऱ्याची तेवढी सेकंदं वाया जातात, म्हणून वहीतला हिशोब परत करा.

बीप वाजणारा सिग्नल असेल तर बीप कोणत्या रस्त्यासाठी आहे हे आधी शोधा. एकाच कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे दोन खांब जवळजवळ असले की एकाचा बीप दुसऱ्याचा वाटतो. जपानमध्ये यासाठी दोन दिशांना दोन पक्ष्यांचे आवाज ठेवले, कोकिळेसारखा एक आणि चिवचिवाटाचा एक. चैत्रात झाडाझाडावर खरी कोकीळ बसणाऱ्या आपल्या गावात ते कितपत चालेल याची मला शंका आहे.

परदेशी शिकायला जाणारा विद्यार्थी असेल तर दोन गोष्टी जाण्याआधी सांगा. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी बटणाच्या डब्याच्या खालच्या बाजूला बोटाएवढा एक खाचांचा शंकू असतो. माणसांचा हिरवा लागला की तो गोल फिरतो, त्यावर बोट ठेवून उभं राहायचं. अमेरिकेत आवाजाचा सिग्नल असेल तिथे बटण शोधता यावं म्हणून सेकंदाला एक अशी हळू टिकटिक चालू असते. ती हिरव्याची खूण नव्हे. चालायची वेळ झाली की टिकटिक जलद होते किंवा बोललं जातं आणि बटणावरचा बाण बोटाखाली थरथरतो. आणि अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे कॅरम बोर्ड आरशात धरल्यासारखा उलटा करून शिकवा.

पहिली खरी फेरी

रविवारी सकाळी सातला, अरुंद रस्त्यावर. तुम्ही विद्यार्थ्याच्या एक पाऊल मागे, ज्या बाजूने आधी गाडी येणार त्या बाजूला. त्याला धरायचं नाही. आधी एकच शब्द ठरवा, मी "थांब" ठरवतो, आणि तो जिवावर बेतणार असेल तेव्हाच वापरा. "हं", "चल", "बरोबर" असलं काहीही तोंडातून जाऊ द्यायचं नाही. सुस्कारासुद्धा नाही, मुलं सुस्कारा ओळखतात.

निघायच्या आधी काठी एकदा थोडी पुढे आणि वर, चालकांना दिसेल अशी. मग एका चालीत, न रेंगाळता. पांढऱ्या रंगाचं काम इथे होतं. १९२१ मध्ये ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी काठीला पांढरा रंग दिला तो वाहनचालकांना दिसावी म्हणूनच.

मधे सिग्नल पडला आणि हॉर्न सुरू झाले, तर मागे फिरायचं नाही. पुढे चालत राहायचं. दुभाजकावर जागा असेल तर तिथे थांबायचं आणि ताज्या सिग्नलची वाट बघायची. झेब्र्यावर गाडी उभी सापडली तर पुढून वळसा घालणारा चौकात शिरतो. मी मागून जायला शिकवतो, पण गाडीच्या मागे काठी आधी घालून, कारण त्या फटीतून दुचाकी येतेच. मग पुन्हा समांतर आवाजाची रेघ पकडायची. पलीकडची कड अपेक्षित पावलांत सापडली नाही, तर आपण वाकडे गेलो आहोत. लोंढ्यापासून दूर, फुटपाथकडे तिरकं सरकायचं.

हात धरणारे काका

हा भाग कुठल्याही परदेशी पुस्तकात पुरेसा नाही. आपल्याकडे चौकात पाचव्या मिनिटाला कुणीतरी येतं, काठीचा हात पकडतं आणि ओढत पलीकडे नेतं. कधीकधी ज्याला ओलांडायचंच नव्हतं त्यालाही. विद्यार्थ्याला सराव द्या: धरलेला हात झटकायचा नाही, कोपरात वाकवून आपल्याच खांद्याकडे वर न्यायचा, पकड सुटते. त्याच वेळी शांतपणे, "काका, मीच तुमचा कोपर धरतो. तुम्ही चाला." कोपराच्या वर धरून अर्धं पाऊल मागे चाललं की पुढच्याच्या अंगातून कड, उतार, वळण सगळं कळतं.

मदत मागायचा सरावही तेवढाच. "रस्ता क्रॉस करून द्या" असं मोघम बोलण्यापेक्षा "ताई, कर्वे रोडकडून येणाऱ्या गाड्या थांबल्या का?" असं नेमकं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं.

पाऊस, ढोल, उड्डाणपूल

पावसात छत्री नको, तिच्यावरच्या थेंबांत चौक बुडतो. रेनकोटची टोपी कान झाकते. पुढे चोच असलेली साधी टोपी आणि कान उघडे, एवढं बरं. गणपतीत ढोलपथकांच्या वाटेवर सिग्नलचा सराव बंद ठेवा. पुण्यातल्या नळस्टॉपसारख्या ठिकाणी वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. तिथे वरच्या गाड्यांचा आवाज खांबांवर आदळून समांतर रस्त्यासारखा भासतो. अशा जागी शेवटच्या महिन्यातच न्या. इअरफोन कधीच नको, फोन खिशात. अडथळा ओळखून मुठीतल्या थरथरीने सांगणाऱ्या काठ्या मिळतात, आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन त्यातलीच. डोक्याच्या उंचीची फांदी किंवा उभा टेम्पो कळायला ती छान आहे, पण धावती गाडी आणि सिग्नल हे तिचं काम नाही.

एकट्याने

सलग दहा फेऱ्या तुमच्या शब्दाशिवाय झाल्या की तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहा, पण कुठे ते सांगू नका. त्यानंतरच्या दहा फेऱ्यांत निदान एकदा त्याने स्वतःहून "आज इथून नको, पुढच्या सिग्नलला जाऊ" असं म्हटलं पाहिजे. मी वहीत त्याची वेगळी नोंद करतो. ज्याने कधीच नकार दिला नाही त्याला मी एकट्याला सोडत नाही.

आणि त्या वहीचा आणखी एक उपयोग. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४१ मध्ये सुगम रस्त्यांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, पण "आमच्या चौकात अंधांची गैरसोय होते" असा अर्ज फायलीत जातो. अर्जात कोपरा लिहा, खांबावरचा क्रमांक लिहा, रस्त्याची रुंदी मीटरमध्ये, हिरव्याची सेकंदं तीन वेळांची, कोणत्या बाजूच्या फ्री लेफ्टमुळे किती वेळा थांबावं लागलं ते. सोबत विद्यार्थ्याची सही किंवा अंगठा. महापालिकेच्या पथ विभागाला एक प्रत, वाहतूक शाखेला दुसरी, पोच घेऊन.